पोळ्यातील गवळाऊ बैलाची कांती

श्रावणी अमावास्येला नागपूर जिल्ह्यातील गावोगावच्या आखरावर, म्हणजे गावची गुरे चरायला निघण्यापूर्वी जिथे जमतात त्या मोकळ्या जागेवर, पोळा भरतो आणि सजवलेल्या बैलजोड्या आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली रांगेने उभ्या राहतात, तेव्हा जाणकार शेतकऱ्याची नजर झुलीवर किंवा बेगड चिकटवलेल्या शिंगांवर फार वेळ ठरत नाही. ती बैलाच्या अंगावरील केसांकडे आणि जू टेकते त्या खांद्याकडे वळते, कारण त्या जनावराच्या पोटात वर्षभर काय गेले आणि त्याच्याकडून काम कसे घेतले गेले, हे तिथेच कळते.

नागपूर आणि वर्धा जिल्ह्यांची, तसेच त्यांना लागून असलेल्या मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागाची ही गवळाऊ जात पांढऱ्या रंगाची असून, नराच्या मानेवर आणि वशिंडावर राखी झाक असते. डोके लांबट व निमुळते, शिंगे आखूड आणि चाल चपळ. वर्धा जिल्ह्यात हेटीकुंडी येथे या जातीच्या पैदाशीचे शासकीय प्रक्षेत्र आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांवर जाणाऱ्या या मुलखात आखूड पांढरे केस ऊन परतवतात आणि त्यांच्याखालची काळी कातडी प्रखर किरणांपासून आतल्या अंगाचे रक्षण करते, त्यामुळे या बैलाचे सौंदर्य आणि त्याची सोशिकता वेगळी काढता येत नाहीत.

गोऱ्हा, म्हणजे अजून औताला न लागलेला नर, दोनदाती झाला की त्याला वेसण घालून जुवाची सवय लावतात, आणि कोवळ्या खांद्याची खरी परीक्षा तिथेच सुरू होते. जोडीतील बैल कमीजास्त उंचीचे असले, जू खडबडीत असले किंवा पावसाने मान भिजलेली असताना औत ओढावे लागले, तर कातडी घासून खांदेसूज होते. ती दुर्लक्षित राहिली तर तिथे गाठ धरते, केस झडतात आणि तो डाग पुढच्या प्रत्येक पोळ्यात दिसत राहतो. उन्हाळ्यात नुसत्या कडब्यावर काढलेल्या दिवसांत केस रखरखीत होऊन उभे राहतात. जंत किंवा गोचीड असतील तर ते अधिकच निस्तेज दिसतात. मृगानंतर हिरवे गवत मिळू लागले, पेरणी आटोपून डवरणीही सरत आली आणि रोजच्या चाऱ्याला सरकीच्या ढेपेची जोड मिळाली, म्हणजे कातडीतील स्निग्धता परत येते व केस अंगाला चपटे बसतात. पोळा नेमका याच सुमारास येतो, आणि त्या दिवशीची झळाळी बहुतांशी या काही आठवड्यांच्या चाऱ्याची आणि विसाव्याची असते.

आदल्या दिवशी बैलांना नदीवर किंवा विहिरीवर धुऊन खांदशेकणी करतात. या विधीत हळद व तूप लावून खांदा शेकला जातो आणि बैलाला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण दिले जाते. वर्षभर ओझे वाहिलेल्या अवयवालाच आधी मान देणारा हा विधी पोळ्याच्या साऱ्या थाटात सर्वांत शहाणा आहे. पोळ्याच्या सकाळी पुन्हा अंघोळ, मग पाठीवर झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळा, नवी वेसण आणि नवा कासरा असा साज चढतो. मात्र शिंगांना गेरू किंवा हिंगूळ लावण्याऐवजी बाजारातील तैलरंगांचे थर चढवण्याची आणि अंगावरही त्याच रंगाचे ठसे उमटवण्याची जी रीत वाढली आहे, ती सोडून देण्याजोगी आहे, कारण असा रंग पाण्याने निघत नाही, बैल अंग चाटत असल्याने तो त्याच्या पोटात जातो आणि चांगल्या कांतीवरही तो काहीच भर घालत नाही.

झडत्या, म्हणजे पोळ्यात म्हटली जाणारी गीते, म्हणून झाल्या, तोरण तुटले आणि पोळा फुटला, म्हणजे जोड्या घरोघर जातात. तिथे त्यांना ओवाळून पुरणपोळीचा नैवेद्य भरवला जातो आणि वर्षभर त्यांची निगा राखणाऱ्या गड्याला बोजारा, म्हणजे रोख बक्षिसी, मिळते. नागपूर शहरात दुसऱ्या दिवशी मुलांच्या लाकडी बैलांचा तान्हा पोळा भरतो, ज्याची सुरुवात दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी 1806 साली केल्याचे सांगतात. खेड्यातला खरा बैल मात्र तोवर साज उतरवून, अंगावरचा गुलाल धुऊन चरायला गेलेला असतो, कारण पाऊस ओसरताच रब्बीच्या वखरणीसाठी त्याच खांद्यावर पुन्हा जू ठेवायचे असते.