चुकायची मुभा

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला मिग-२१ विमानांना निरोप देण्यात आला. हवाई दलात ही विमाने १९६३ साली आली होती. म्हणजे ६२ वर्षांची नोकरी झाली. आम्ही सारे टीव्हीपुढे बसलो होतो. आमचे वडील, आबा, एकदम म्हणाले, "ही तर आपल्या ओझरची!"

आबांचे खरेच होते. नाशिकजवळ ओझरला १९६४ साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना निघाला, तो मिग-२१ बांधण्यासाठीच. सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशात कोरापूटला आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. आबा ऐन उमेदीत त्या बांधकामावर बिगारी होते. खडी वाहिली, घमेली उचलली. बांधकाम संपले तसे आबांचे कामही संपले. आत विमान कसे जुळवतात, ते त्यांनी कधी पाहिले नाही.

आमची लेक नववीत आहे. तिने हट्ट धरला, "आपण घरीच मिग बांधू." असे सुटे भाग डब्यात मिळतात, हे तिला शाळेतल्या मैत्रिणीकडून कळले होते. किंमत ऐकून आम्ही गप्प बसलो. आमची दोन दिवसांची मजुरी होती. शेवटी तिच्या आईने भिशीच्या पैशातून ते मागवले.

डबा उघडला तर प्लास्टिकच्या चौकटींना चिकटलेले बारीक बारीक भाग. प्रमाण एकास बहात्तर. लेकीने लगेच हिशेब केला. खऱ्या मिगचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत ७.१५ मीटर, आमच्या मिगचे १० सेंटिमीटरला थोडे कमी. भाग साच्यातून निघताना त्यांवर तेलकटपणा राहतो, म्हणून आधी साबणाच्या पाण्याने धुतले. नेलकटरने एकेक भाग तोडला, पॉलिश पेपरने कडा घासल्या. या कामाचा डिंक वेगळा असतो. तो प्लास्टिक थोडे विरघळवून दोन भाग एकजीव करतो. म्हणून एकदा जोडलेले सहज सुटत नाही.

इथेच घोटाळा झाला. विमान तीन चाकांवर उभे केले, तर ते शेपटीवर बसले आणि नाक आभाळाकडे! सूचनेच्या कागदावर चित्र होते, नाकात वजन भरा, मग दोन्ही अर्धे भाग जोडा. लेकीने घाईत ते पान उलटले होते. आमचा पारा चढला. "दोन दिवसांची मजुरी पाण्यात घातलीस," असे बोलून गेलो. पोर रडली नाही. पण तिने हात मागे घेतला. दोन दिवस विमानाकडे फिरकली नाही.

तिसऱ्या दिवशी आम्हीच कामाला बसलो. गॅरेजमध्ये वीस वर्षे गाड्या रंगवल्या, हे चिमुकले विमान ते काय! गॅरेजचाच रंग आणला, गॅरेजचेच थिनर ओतले आणि डाव्या पंखाला हात मारला. पत्र्याला चालणारे थिनर प्लास्टिकला खाते. बघता बघता पंख सुरकुतला. आम्ही डोक्याला हात लावला. लेक मागे केव्हा येऊन उभी राहिली कळलेच नाही. ती एवढेच म्हणाली, "असू द्या पप्पा, घासून बघू."

त्या शब्दांनी आम्ही शरमलो. तिच्या चुकीला आमच्याकडे शिव्या होत्या, आमच्या चुकीला तिच्याकडे पॉलिश पेपर होता.

आबा खाटेवरून ऐकत होते. म्हणाले, "आमच्या वेळी घमेलं सांडलं तरी मजुरी कापायचे. मग माणूस नवं काही हातात धरायलाच भ्यायचा. पोरीला तसं भिववू नको."

मग आम्ही बापलेक नव्याने बसलो. पुढच्या चाकाच्या खोबणीत छिद्र पाडले आणि सायकलचे छर्रे एकेक करून आत सोडले. नाक खाली टेकले तेव्हा आबांनी टाळी वाजवली. छर्रे डिंकाने पक्के केले. पंखावर पुट्टी भरली, वाळू दिली, घासली. पाण्यात मिसळणारा करडा रंग आणला. एका जाड हातापेक्षा तीन पातळ हात बरे, आणि प्रत्येक हात पुरता वाळू द्यायचा, हे गॅरेजमधले ज्ञान मात्र इथे कामी आले. तिरंगी गोलाची चित्रे लावण्याआधी चकचकीत वॉर्निशचा हात दिला. खरखरीत रंगावर ती चित्रे लावली तर खाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. चित्र कोमट पाण्यात भिजवायचे आणि अलगद सरकवायचे. हे नाजूक काम लेकीने केले. आमची बोटे त्याला जाड पडली.

विमान आता फळीवर आहे. डाव्या पंखावर सुरकुतीची खूण अजून दिसते. काच झटपट डिंकाने चिकटवली म्हणून तिच्यावर पांढुरकी वाफ धरली आहे. ती चूक दोघांची मिळून. आबांनी विमान तळहातावर घेतले, पोट पाहिले, चाके पाहिली. "असं असतं होय आतून," म्हणाले.

कष्टकऱ्यांच्या घरात वस्तू मोडली की पोट आठवते, म्हणून आपला आवाज चढतो. त्यात आपला दोष थोडा, परिस्थितीचा जास्त. पण पोरांना शिकवायचे तर चुकायला कुठेतरी जागा ठेवावी लागते. विकतचा डबाच हवा असे नाही. पुठ्ठा चालेल, पतंग चालेल, मोडका रेडिओ चालेल. पोरगे चुकले तर ओरडण्याआधी त्याच्या शेजारी बसावे.

लेकीने दुसऱ्या विमानासाठी डब्यात पैसे टाकायला सुरुवात केली आहे. परवा आम्हीही त्यात दहा रुपये टाकले. या वेळी सूचनेचा कागद आधी दोघांनी मिळून वाचायचा, असे ठरले आहे.