तेरचे खापर

माझ्या कार्यालयातील टेबलावर चार महिने एक खापराचा तुकडा पडून होता. तळहातावर मावेल एवढा, लाल झिलईचा, एका कडेला किंचित वळलेला. वीज आली आणि पंखा फिरू लागला की बाप्तिस्म्याचे दाखले व घरपट्टीच्या पावत्या उडू नयेत म्हणून मी तो त्यांच्यावर ठेवीत असे. तो तेथे कसा आला आणि तेथून कसा गेला, याची ही हकीकत आहे. ती सांगताना माझी थोडी फजिती होणार आहे. परंतु इतरांच्या चुकांविषयी दर रविवारी बोलणाऱ्या माणसाने वर्षातून एकदा तरी स्वतःच्या चुकीविषयी लिहावे, असे मला वाटते.

परभणी जिल्ह्यात आमची कुटुंबे विखुरलेली आहेत. एका गावात चार घरे, दुसऱ्या गावात दोन. एखादे लग्न निघाले की सारी एकत्र येतात. सात-आठ वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाचा विवाह लातूरला ठरला. चाळीस माणसांची बस ठरवून गंगाखेड, परळी, अंबाजोगाई अशी मजल करीत आम्ही लातूरला पोहोचलो. विवाहविधी यथासांग पार पडला. बसचे भाडे दोन दिवसांचे दिले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी परत निघायचे होते. म्हणजे अर्धा दिवस मोकळा होता. ‘फादर, जवळपास काही पाहण्यासारखं आहे का?’ असे मंडळींनी विचारले. मी क्षणाचाही विलंब न लावता म्हणालो, ‘तेर. तेथे आपल्याला रोमन अवशेष पाहायला मिळतील.’

वाचकहो, या उत्तरामागे एक जुनी गोष्ट होती. पुण्याला सेमिनरीत असताना ख्रिस्तसभेच्या इतिहासाचे आमचे प्राध्यापक रोमन साम्राज्याचा नकाशा भिंतीवर टांगीत. लॅटिनमध्ये मला बरे गुण मिळत. पुढे अभ्यासासाठी रोमला पाठवायच्या नावांत माझेही नाव आहे, असे कानावर आले. मी मनातल्या मनात बॅग भरली. पाठवले गेले दुसऱ्याच एका गुणी सहाध्यायाला. माझी नेमणूक मराठवाड्यात झाली. या निर्णयात कोणाचा काही दोष नव्हता. तरीही कित्येक वर्षे, एखादे काम अडले किंवा पाऊस चुकला आणि मन उदास झाले, की मी त्याचे खापर त्या न झालेल्या प्रवासावर फोडीत असे. तेर हे नाव उच्चारताना माझ्या मनात तेर नव्हते, रोम होते.

बस मुरूड, ढोकी या मार्गाने निघाली तसा मी ड्रायव्हरच्या शेजारी उभा राहून बोलू लागलो. धाराशिव जिल्ह्यातील तेरणा नदीकाठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यास एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानपर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जाते. संत पौलाने रोमकरांना पत्र लिहिले ते साधारण याच काळात. त्या व्यापाऱ्याने पश्चिम किनाऱ्यावरील सोपारे आणि कल्याण यांची नावे नोंदविली आहेत; वसईकडील वाचकांना सोपारे काही परके नाही. भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेस आणखी दहा दिवसांवर तगर, हे फार मोठे नगर, असे तो सांगतो. पैठणहून अकीकाचे दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड व तलम मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून, भडोचला जात. तेथून जहाजे मोसमी वाऱ्यावर इजिप्तच्या बंदरांकडे आणि माल पुढे रोमकडे. उलट्या दिशेने भडोचला येणाऱ्या मालात इटलीचे मद्य असे.

मी रंगात आलो होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरील नववीतला एक मुलगा उठून म्हणाला, ‘फादर, शाळेत पोरं मला विचारतात, तुमचं मूळ गाव रोम का? आपल्याला रोमन का म्हणतात?’

मी त्याला पाठ असलेले उत्तर दिले. रोमच्या बिशपांशी, म्हणजे पोप महोदयांशी असलेले ऐक्य, जगभर एकच श्रद्धा, वगैरे. उत्तर बरोबर होते. मुलाने मान हलवली आणि तो खाली बसला. पण त्याचे समाधान झाले नव्हते, हे मला दिसले. त्याचा प्रश्न धर्मशास्त्राचा नव्हताच. आपण इथले की कुठले, असे तो विचारीत होता.

माझ्यामागे बसलेल्या एका आजींचे मात्र वेगळेच काही चालले होते. त्यांचा जन्म दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचण्यात गेला आहे. त्या म्हणाल्या, ‘म्हंजी फादर, रोमच्या लोकायनं आपलं कापड नेसलं म्हणायचं.’

‘होय, आजी.’

‘मंग कापूस येचणाऱ्या बाया तवाबी आसतीलच की. त्यायला काय भेटलं?’

मी गप्प राहिलो. त्या पुस्तकात मालाची नावे आहेत, बंदरांची आहेत, काही राजांची आहेत. वेचणारीचे, कातणारीचे, विणणाऱ्याचे नाव नाही.

दीड तासाने तेर आले. बसमधून उतरून मंडळी इकडे तिकडे पाहू लागली. त्यांच्या डोळ्यांसमोर मी खांब, कमानी, रंगमंडल उभे केले होते. समोर होते मराठवाड्यातील एक चारचौघांसारखे गाव. नवऱ्या मुलाचे काका हळूच म्हणाले, ‘फादर, रोम कुठंय?’ आणि बस रिकामी होईपर्यंत हशा पिकत राहिला. खरे सांगायचे तर तेरला रोमन इमारत एकही नाही. रोमन येथे राहून घरे बांधून गेले, असे कोणी म्हणत नाही. येथे आहे तो त्यांच्याशी झालेल्या देवघेवीचा माग.

तो माग पाहायचा तर वस्तुसंग्रहालयात. गावातीलच रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर तेरच्या मातीत सापडणाऱ्या वस्तू गोळा केल्या आणि तो हजारो वस्तूंचा संग्रह आज त्यांच्याच नावाच्या शासकीय संग्रहालयात आहे. शंखाच्या बांगड्या, रंगीत मणी, पांढऱ्या मातीच्या घोटीव मूर्ती, दिवे. दोन साच्यांत पुढची व मागची बाजू घडवून मग सांधायची, ही मूर्ती घडविण्याची रीत रोमन जगाकडून आली असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. येथील कारागिराने रीत घेतली. पण घडविले ते आपल्याच बायाबापड्यांचे चेहरे, आपलेच केस बांधणे, आपलेच दागिने. दख्खनच्या जुन्या नगरांत रोमन नाण्यांची मातीत केलेली नक्कलही सापडते; भोक पाडून ती गळ्यात घालीत. ‘हे चित्र कोणाचे?’ हा नाण्याविषयीचा प्रश्न शुभवर्तमानात आपण ऐकतो. त्या कैसराचा मुखवटा इकडे कोण्या कुंभाराने मातीत उमटवला आणि तो कोणाच्या तरी पोरीच्या गळ्यात लोंबला.

तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती प्रसिद्ध आहे. तशीच मूर्ती जालना जिल्ह्यातील भोकरदनलाही मिळाली. आणि यांचीच बहीण शोभावी अशी वीतभर उंचीची मूर्ती 1938 साली इटलीत, पॉम्पेई या नगराच्या अवशेषांत सापडली. व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेत इ.स. 79 साली ते नगर गाडले गेले. त्याआधीच ही भारतीय मूर्ती तेथील एका घरात पोहोचली होती. ज्या थोरल्या प्लिनीने हिंदुस्थान दरवर्षी आपल्या साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो अशी तक्रार लिहून ठेवली, तोही त्याच उद्रेकात मरण पावला. आजींना मी हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘पैसा गेल्याचं त्यायनं लिव्हलं. कापड आल्याचं बी लिव्हायचं होतं.’

पुढे त्रिविक्रमाचे देऊळ पाहिले. जुन्या विटांचे, मागची बाजू अर्धगोल, वर हत्तीच्या पाठीसारखे छत. मुळात तो बौद्ध चैत्य असावा, असे बऱ्याच अभ्यासकांचे मत आहे. मला मात्र त्या अर्धगोलात रोमच्या बॅसिलिकेची वेदीमागची भिंत दिसू लागली आणि मी तसे बोलूनही दाखवले. वास्तविक आपल्या कार्ल्याच्या, भाज्याच्या लेण्यांतील चैत्यांचा आकार तोच आहे, आणि ती लेणी ख्रिस्तजन्माच्या आधीपासूनची किंवा फार तर त्याच्या आसपासची आहेत. पण त्या दिवशी मला जिकडे तिकडे रोमच दिसत होते.

शेवटी आम्ही पांढरीच्या टेकाडावर गेलो. मराठीत शेताला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणतात, ते किती नेमके आहे हे तेथे उभे राहिल्यावर कळते. भोवताली काळेभोर रान आणि मध्ये शेकडो वर्षांच्या राखेने, भिंतींच्या मातीने पांढुरकी झालेली उंच जागा. पावसाने धुपलेल्या उतारावर खापरेच खापरे. मुले वाकून तुकडे उचलू लागली तसा मी दरडावून म्हणालो, ‘येथले काहीही घ्यायचे नाही. तुकडा जेथे पडला आहे तेथेच तो काही सांगू शकतो. घरी नेला की मुका होतो.’ त्या नववीतल्या मुलाने हातातला मणी निमूटपणे खाली ठेवला.

सगळे बसकडे वळले. मी मागे राहिलो. पायाशी तो लाल झिलईचा तुकडा होता. असल्या झिलईच्या भांड्यांविषयी, ती रोमन घडणीची, असे सेमिनरीच्या दिवसांत एका जुन्या पुस्तकात वाचल्याचे आठवत होते. मी इकडे तिकडे पाहिले आणि तो झग्याच्या खिशात टाकला. रोम मला लाभले नाही. निदान रोमचे एवढे खापर तरी लाभू दे, असा काहीसा विचार त्या वेळी मनात होता. विचार कसला, हट्टच होता.

चार महिने गेले. एके दिवशी तोच मुलगा शाळेसाठी बोनाफाइड दाखल्याबरोबर लागणारे चर्चचे पत्र घ्यायला आला. मी सही करण्यासाठी कागदावरून तुकडा उचलला. त्याने तो पाहिला.

‘हे तेरचं ना, फादर?’

मी ‘हो’ म्हणालो. तो आणखी काही बोलला नाही. पत्र घेतले, ‘येतो फादर’ म्हणाला आणि गेला. मला वाटले, त्याने रागावायला हवे होते, निदान हसायला तरी हवे होते. त्या रात्री मला झोप आली नाही. त्याने खाली ठेवलेला मणी डोळ्यांपुढून हलेना. आपण इथले की कुठले, असे विचारणाऱ्या पोराला मी शब्दांनी एक उत्तर दिले होते आणि खिशाने दुसरेच.

पुढच्या सोमवारी मी एसटीने लातूर आणि तेथून तेर गाठले. तुकडा रुमालात बांधला होता. संग्रहालय पाहायला आलेले एक वयस्कर, अभ्यासू गृहस्थ टेकाडाच्या वाटेवर भेटले. त्यांना मी सगळे खरे सांगितले. त्यांनी तुकडा उन्हात धरला, कडेवरून अंगठा फिरवला आणि हसले. ‘फादर, लाल झिलई दिसली की पूर्वी सगळे रोमचं म्हणायचे. आता तसं मानत नाहीत. हे इथलं आहे. आपल्याच कुंभाराचं.’

मी तो तुकडा उतारावर, जेथून उचलला असे आठवत होते त्याच्या जवळपास ठेवला. तो नेमक्या जागी परत जाणे आता शक्य नव्हते, हेही मला ठाऊक होते. काही गोष्टी परत करता येतात, पूर्ववत करता येत नाहीत.

परतीच्या बसला वेळ होता म्हणून गोरोबाकाकांच्या समाधीपाशी गेलो. तेर हे संत गोरा कुंभारांचे गाव. त्यांनी थापटण्याने एकेका संताच्या डोक्यावर थापटून मडके पक्के की कच्चे हे तपासल्याची आणि नामदेवांना कच्चे ठरविल्याची कथा महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. भरल्या दुपारी तेथे बसलो असता माझ्या मनात आले, की पंचवीस वर्षे वेदीपुढे उभे राहूनही आपले मडके ओलेच आहे. आश्चर्य असे, की त्या जाणिवेने मी खचलो नाही. उलट बरे वाटले. रोमला जायचे राहिले याची खंत त्या दिवशी माझ्यातून पुरती गेली, असे मी म्हणणार नाही. पण तिचे ओझे कमी झाले. ज्या मुलखात आपल्याला शिक्षा म्हणून पाठवले असे मी मनातून समजत होतो, तेथील कापडासाठी कधीकाळी जगाच्या त्या टोकाहून गिऱ्हाईक येत होते.

रविवारी मिस्सेनंतर मी त्या मुलाला बाजूला बोलावून सगळे सांगितले. खापर रोमचे नव्हते, इथलेच निघाले, हेही सांगितले. त्याने विचार केला आणि म्हणाला, ‘मग फादर, तुम्ही आपलंच चोरलं होतं.’

आजी जवळच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, ‘आपलं आसलं तरी चोरीच की रं ती.’