हिवर, पवन्या आणि डोंबारी

पक्षीगणना करून आलो की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘किती जाती दिसल्या?’ अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोरड्या रानांच्या बाबतीत मी या आकड्यावर फारसा विसंबत नाही. कर्जत तालुक्यातलं रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य घ्या. १९८० साली घोषित झालेलं, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटरचं. भोवताली शेतं, बांध, वस्त्या आणि चरून चरून खरडलेले माळ. बाहेरच्या बाजूलाही पक्ष्यांची यादी चांगली लांब होते, कारण साळुंकी, होला, कोतवाल, बुलबुल, गायबगळा अशी मिळेल त्यावर भागवणारी मंडळी तिथं हमखास असतात. खरं चित्र कळतं ते या यादीत जमिनीवर घरटं करणारे किती आहेत, हे पाहिल्यावर.

अकोले तालुक्याचा घाटमाथा सोडला तर आपला बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेत आहे. वर्षाकाठी पाचशे-सहाशे मिलिमीटर पावसावर इथं उभं राहतं ते काटेरी रान: हिवर, खैर, बोर, हेंकळ, तरवड, आणि मधल्या मोकळ्या जागेत पवन्या, मारवेल, कुसळी ही गवतं. १९६१ साली मॅकआर्थर बंधूंनी अमेरिकेतल्या जंगलांबद्दल दाखवून दिलं, की झाडांच्या जाती किती यापेक्षा पानोऱ्याचे थर किती यावर पक्ष्यांची विविधता जास्त ठरते. आपल्या माळावर मला महत्त्वाचे वाटतात ते घोट्यापासून गुडघ्यापर्यंतचे थर. उघड्या मुरमावर धाविक आणि माळटिटवी, गवताच्या बुडख्याशी चंडोल, झुडपाखाली लाव्यांचा थवा, बोरीच्या काट्यांत छोटा खाटीक.

डोंबारी चंडोलाचं घरटं एकदा जवळून बघावं. जनावराचा खूर रुतून पडावा तेवढाच खळगा, आत काड्यांचं पातळ अस्तर, कडेला बारीक खडे. हातभर अंतरावरूनही ते नजरेतून सुटतं. नर आणि मादी दोघंही आळीपाळीनं अंडी उबवतात. त्या दिवसांत तिथून शेळ्यामेंढ्यांचा कळप गेला, तर संपलंच सगळं. म्हणून चराईच वाईट, असं मात्र मी म्हणणार नाही. धाविकाला आखूड, विरळ गवतच लागतं, आणि धनगरांची मेंढरं या माळांवर पिढ्यानपिढ्या फिरत आली आहेत. नुकसान होतं ते बारमाही चराईनं, उन्हाळ्यात लावल्या जाणाऱ्या वणव्यानं, आणि झाडं लावण्याच्या हौसेनंसुद्धा.

हे शेवटचं कारण ऐकून लोक दचकतात. पण गिरिपुष्पाच्या दाट लागवडीत पहाटे उभं राहून बघा. खाली सावली आणि पाचोळा, गवताची काडी नाही. कानावर शिंपी येतो, बुलबुल येतो. चंडोल नाही, तित्तर नाही. कागदावर तिथं वन वाढलेलं असतं, आणि शेजारचा भरगच्च गवताळ माळ सरकारी दप्तरात ‘पडीक’ म्हणून लागलेला असतो. याचा मला मनापासून राग येतो. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या पक्ष्यांची सूची १८३२ साली प्रसिद्ध केली. त्यांच्या नावानं ओळखला जाणारा चंडोल, खडकाळ माळावरचा लावा आणि मोठा करडा सातभाई या तिघांचं शास्त्रीय वर्णन पहिल्यांदा त्यांनीच केलं. तिघंही याच ‘पडीक’ मुलखाचे रहिवासी. माळढोकसाठी १९७९ साली सोलापूर-नगर मिळून ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, तेही अशाच जमिनीवर.

राखण म्हणजे नुसतं कुंपण नव्हे, हे आपल्याच जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावानं दाखवलं. कुऱ्हाडबंदी केली, चराईबंदी केली, पण गवत विळ्यानं कापून न्यायची मुभा ठेवली. गावाला चारा मिळाला, माळाला उसंत मिळाली. पक्ष्यांसाठी यात माझी एकच भर आहे, ती कापणीच्या वेळेची. पाऊस सरता सरता रंगीत तित्तराची पिल्लं अजून गवतात असतात, आणि लाव्यांची वीण तर पुढं हिवाळाभर चालू राहते. तेव्हा बी झडल्यावर, पट्ट्यापट्ट्यानं कापावं आणि काही पट्टे फाल्गुनापर्यंत उभे ठेवावेत. थंडीत उत्तरेकडून येणारे भोवत्या पक्षी संध्याकाळी अशाच उंच गवतात जमिनीवर उतरून एकत्र रात्र काढतात, आणि सगळा माळ एका आठवड्यात कापून मोकळा केला तर त्यांना दुसरी जागा शोधावी लागते.