चार्ल्स नदीकाठचा घुमट

बॉस्टन शहरात लाल मार्गावरची मेट्रो लाँगफेलो पुलावरून चार्ल्स नदी ओलांडते आणि लगेच मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलच्या स्थानकावर थांबते. नव्या, उंच इमारतींच्या मधोमध ग्रॅनाइट दगडाची, खांबांच्या दर्शनी ओसरीची एक जुनी वास्तू उभी आहे. १८२१ साली येथे रुग्ण दाखल होऊ लागले. गेल्या वर्षी मुलाकडे गेलो असता एका सकाळी मी तिचे जिने चढून घुमटाखालच्या दालनात पोहोचलो. उतरत्या पायऱ्यांची आसने, एका बाजूला इजिप्तची ममी आणि वरच्या झरोक्यातून येणारा शांत उजेड.

याच दालनात १६ ऑक्टोबर १८४६ रोजी विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने एका तरुणाला ईथरची वाफ हुंगायला दिली आणि डॉ. जॉन वॉरन यांनी त्याच्यावर शस्त्रक्रिया केली. भूल देऊन करण्याच्या शस्त्रक्रियेचे हे प्रात्यक्षिक प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला ठाऊक असते. त्या तरुणाला काय झाले होते, हे मात्र मी विसरून गेलो होतो. त्याच्या मानेवर, जबड्याखाली, रक्तवाहिन्यांची जन्मजात गाठ होती.

तेथे बसल्या बसल्या मला आमच्या गावातल्या काकू आठवल्या. वय सहासष्ट. डाव्या पापणीपासून जबड्यापर्यंत जन्मापासूनचा जांभळट डाग. त्यांच्या आईने ग्रहणात विळीला हात लावला म्हणून तो उमटला, असे घरात सांगितले जाई. त्या माउलीने तो दोष जन्मभर वाहिला. मी निघण्याच्या आधल्या महिन्यात सून त्यांना घेऊन आली होती. डाग जाड झाला होता, त्यावर बारीक गाठी आल्या होत्या आणि टॉवेलने तोंड पुसताना रक्त येत होते. “डॉक्टर, एवढी वर्षे काढली. आता या वयात काय करायचे?” काकू म्हणाल्या. वीस वर्षे मी त्यांचा रक्तदाब मोजत आलो होतो. गालाकडे पाहून न पाहिल्यासारखे करणे, यालाच मी सभ्यपणा समजत होतो.

त्या डागावरच्या उपचाराचे मूळ याच रुग्णालयात आहे. येथील रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी १९८३ साली एक तत्त्व मांडले: योग्य रंगाचा प्रकाश अत्यल्प क्षणासाठी सोडला, तर तो त्वचेतील नेमके लक्ष्यच तापवतो, भोवतालची त्वचा बरीचशी सुरक्षित राहते. त्यातूनच ‘पल्स्ड डाय लेसर’ हे यंत्र आले. त्याचा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते आणि फुगलेल्या केशवाहिन्या आतून मिटतात. काही दिवस त्वचा काळीनिळी दिसते. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. बहुतेकांचा डाग फिका होतो. पूर्णपणे जाणारे थोडे, आणि काहींचा रंग वर्षांनंतर पुन्हा गडद होतो. आपल्या सावळ्या त्वचेतील रंगद्रव्यही हा प्रकाश शोषते. त्यामुळे त्वचा थंड ठेवणे, मात्रा बेताची ठेवणे आणि उन्हापासून जपणे आवश्यक असते. तान्हेपणी त्वचा पातळ असते, म्हणून उपचार लवकर सुरू केल्यास फळ अधिक चांगले मिळते. पुढे डाग जाड होतो. अशा वेळी गाठींसाठी अधिक खोल जाणारा लेसर किंवा लहानशी शस्त्रक्रिया लागू शकते.

म्हणून उपचाराआधी डागाचे नाव ठरवावे. काकूंसारखा सपाट, जांभळट डाग आपोआप जात नाही. तो कपाळावर किंवा पापणीवर असेल, तर डोळ्यातील दाब तपासून घ्यावा, कारण काचबिंदूचा धोका असतो. बाळाला झटके येत असतील, तर मेंदूची तपासणीही करावी. जन्मानंतर काही आठवड्यांत उगवणारी, भराभर वाढणारी लाल, उंचवट्याची गाठ बहुधा काही वर्षांत ओसरते. मात्र ती डोळा, नाक किंवा ओठांजवळ असली अथवा तिला जखम झाली, तर थांबू नये. प्रोप्रानोलॉल हे औषध देखरेखीखाली लवकर सुरू केल्यास उत्तम काम करते. डोळ्याभोवतीचा निळसर-करडा डाग वेगळ्या लेसरने फिका होतो. मोठ्या, काळ्या, केसाळ डागावर तज्ज्ञाची नजर हवी. चुना आणि पापडखार कोणत्याही डागाला लावू नये. त्याने त्वचा भाजते आणि व्रण कायमचा राहतो. उतारवयात नव्याने आलेला, वाढणारा किंवा रक्त येणारा डाग जन्मखूण समजून सोडून देऊ नये.

ग्रहणाचा तर कशाशीच संबंध नाही. पेशीतील एका जनुकात गर्भावस्थेत होणारा बदल हे या जांभळट डागाचे कारण असल्याचे २०१३ साली दिसून आले. तो आईच्या हातून घडत नाही.

परत आल्यावर मी काकूंना प्रथम नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले. डाव्या डोळ्यातील दाब वाढलेला निघाला. थेंब सुरू झाले. ही तपासणी मी वीस वर्षांपूर्वी सांगायला हवी होती, हे मी त्यांना आणि सुनेला समोर बसवून सांगितले. काकू थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग त्यांनी विचारले, “म्हणजे आईचे काही चुकले नव्हते?”

पुढे शहरात जाऊन त्यांनी लेसरच्या चार बैठका घेतल्या. डाग पुसला गेलेला नाही. फिका झाला आहे आणि रक्त येणे थांबले आहे. परवा त्या दोन महिन्यांच्या नातीला घेऊन आल्या. बाळाच्या कमरेखाली निळसर ठसा होता. “हिलाही लेसर लागेल का?”

मी बाळाला नीट तपासले. तो ठसा शाळेत जाईपर्यंत बहुधा आपोआप मावळतो. “हिला काही नको,” मी म्हणालो, “हा असाच राहू द्या.”