भिंत कोरडी नव्हती

मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नये, हे आमच्या भागातल्या कोणत्याही जुन्या गवंड्याला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. मी विचारलं नाही. तलवाड्याचं घर विकून मुलाकडे पुण्याला जायचं ठरलं होतं. घर नजरेत भरावं, चार पैसे जास्त यावेत, एवढंच डोक्यात होतं. दिवाळी उलटून गेलेली. गावातली कामाची माणसं बिऱ्हाडं गाड्यांत भरून ऊसतोडीला कारखान्यांवर गेली होती. जन्मभर मास्तरकी केलेला मी, स्वतःच थापी हातात घेतली.

घर माळवदाचं. गेवराई तालुक्यात अशी घरं अजून उभी आहेत. दगडमातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया, त्यांवर किलच्या, पाला आणि सगळ्यांच्या वर पांढऱ्या मातीचा थर. भिंत दोन तोंडांची असते: बाहेरून एक दगडांची रांग, आतून एक, आणि मधे चिखल-गोट्यांची भर. दोन्ही तोंडांना आरपार बांधून ठेवणारे लांब दगड बहुतेक घरांत घातलेलेच नसतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती मुख्यतः अशाच भिंती आणि अशीच जड माळवदं अंगावर येऊन. तो धक्का आम्हालाही जाणवला होता आणि त्यानंतर आम्ही कितीतरी रात्री अंगणात झोपलो. तरीही दर उन्हाळ्यात माळवदावर नवी माती टाकायची सवय काही गेली नाही. जुना थर खरवडून मगच नवा द्यायचा असतो. मी वरच्यावर टाकत गेलो आणि तुळयांवरचं ओझं वाढवत गेलो.

चुलीमागच्या भिंतीला ओल होती. माळवदाचं पाणी बाहेर टाकणारं पत्र्याचं पन्हाळ बुडाशी गंजून फुटलं होतं. पावसाचं पाणी लांब पडण्याऐवजी भिंतीवरून उतरायचं आणि जोत्यात मुरायचं. शिडी लावून पन्हाळ बदललं असतं तर एका दिवसाचं काम होतं. पण पन्हाळ गिऱ्हाइकाला दिसत नाही, भिंतीचे पोपडे दिसतात. म्हणून मी भिंतीला हात घातला.

जुनं शेणामातीचं लिंपण मी खुरप्याने खरवडलं. कोंबडीची जाळी खिळ्यांनी ठोकली आणि आतून-बाहेरून सिमेंट-वाळूचा गिलावा थापला. मग सिमेंट पक्कं व्हावं म्हणून सकाळ-संध्याकाळ नळी धरून पाणी मारत राहिलो. आज ते आठवलं की पोटात कालवतं. मातीच्या भिंतीला मी स्वतः पाणी पाजत होतो आणि ते बाहेर पडायची वाटही बुजवत होतो. अशी भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि लिंपणातून हवेत सोडून देते. सिमेंटमधून ती सहज निघत नाही. आत साठते, क्षार गिलाव्याच्या मागे जमतात आणि चिखलाची दगडावरची पकड सुटत जाते. बाहेर भिंतीलगत मी कोबाही केला. त्याचा उतार भिंतीकडे झाला, आणि हे मला तेव्हाच कळलं होतं. पुन्हा फोडायचा कंटाळा केला. होळीच्या सुमारास आतल्या बाजूला पुन्हा ओल उमटली, तेव्हा पुट्टी भरून वर फिकट पिवळा डिस्टेंपर मारला. तोवरच्या गोष्टी अज्ञानाच्या होत्या असं एक वेळ म्हणता येईल. त्या डिस्टेंपरबद्दल तसं म्हणता येत नाही.

घर घ्यायला आलं ते ऊसतोडीवरून परतलेलं जोडपं. पत्र्याच्या खोलीत राहणारी, पोरांना शाळेसाठी गावातच ठेवता यावं म्हणून घर बघणारी माणसं. नवरा घरभर फिरला. बाई मात्र थेट चुलीपाशी गेली, भिंतीवर बोटांच्या पेरांनी ठोकून पाहिलं आणि म्हणाली, "गुरजी, आतून कोरडी हाय ना?"

मी म्हणालो, "कोरडी आहे."

तिने पुन्हा ठोकलं नाही. ज्यांच्या घरातली पोरं माझ्या हाताखाली शिकली, त्यांना माझा शब्द पुरेसा होता. घरातला जो दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत कळणार नाही, तो सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे, असं 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 मध्ये लिहिलेलं आहे. ते मी नंतर वाचलं. पण त्या बाईने सरळ तोंडावर प्रश्न विचारला होता, तिथे कायद्याची गरजच नव्हती.

खरेदीखत झालं आणि आम्ही पुण्याला आलो. भाद्रपदातल्या झडीत नवऱ्याचा फोन आला. "गुरजी, भिंतीला पोट सुटलंय." दोनच दिवसांत बाहेरचं तोंड कोसळलं. दुपारची वेळ, सगळी रानात होती, म्हणून माणसं वाचली. भांडी आणि दाण्याची पोती दबली. मी पोचलो तेव्हा तुळईला बाभळीचे टेकू दिलेले होते. माझा गिलावा जाळीसकट अखंड पत्र्यासारखा सुटून पडला होता आणि त्याच्या पाठीला ओला चिखल चिकटलेला होता. मला कोणी काही बोललं नाही. बाईने पाणी दिलं.

दुरुस्तीचा खर्च मी केला. भिंतीचं नुकसान भरून निघालं. दसऱ्यानंतर त्यांना जायचंच होतं, मुकादमाची उचल घेतलेली होती. पोरांना गावात ठेवण्यासाठी घर घेतलेलं, त्या साली पोरं पुन्हा फडावर गेली आणि त्यांची शाळा बुडाली. याचा खर्च मला देता आला नाही. मास्तर म्हणून हे मला सगळ्यात जड गेलं आहे.

काम एका म्हाताऱ्या गवंड्याने केलं. त्याने आधी सगळं सिमेंट काढायला लावलं, कोबा फोडला आणि भिंत नुसती वाळू दिली. पांढरी माती, शेण आणि भुसा एकत्र कुजवला. तो चिखल मीही तुडवला. पडलेलं तोंड रचताना त्याने ठराविक अंतरावर आरपार जाणारे दगड घातले, माळवदावरची जादा माती उतरवली, पन्हाळ लांब केलं.

निघण्याआधी मी वहीत त्या घराबद्दल ठाऊक असलेलं सगळं लिहून बाईच्या हातात दिलं. पन्हाळ कुठे तुंबतं, बळदात पाणी कुठून झिरपतं, कोणत्या कोनाड्यामागची भिंत पोकळ आहे. तिने न विचारलेलंही त्यात होतं: ओसरीवरच्या मधल्या तुळईला उधई लागलेली आहे, तिच्यावर माती टाकू नका. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी तिच्याखाली लोखंडी खांब दिला.