दादाजानची पेटी आणि वाळवीची शेती

नाशिक रोडच्या आमच्या जुन्या घरात दादाजानची एक पेटी होती. आंब्याच्या लाकडाची, पितळी कडीची. दादाजान सिक्युरिटी प्रेसमध्ये कामाला होते. पोस्टाची तिकिटे आणि स्टॅम्प पेपर छापण्यात हयात गेल्यामुळे कागदाची किंमत त्यांना चांगली ठाऊक होती. घराचे खरेदीखत, दादीचा निकाहनामा, जुनी पत्रे, सगळे त्या पेटीत फडक्यात बांधून ठेवलेले असे.

त्यांच्या इंतकालनंतर घरात दोन चुली झाल्या. पेटी मधल्या खोलीतच राहिली. आम्हाला वाटे, तिच्याकडे चाचांकडचे बघतात. चाचांकडच्यांना वाटे, आम्ही बघतो.

गेल्या पावसाळ्यात घराच्या वाटणीचा विषय निघाला आणि खरेदीखताची गरज पडली. पेटी बाहेरून धड दिसत होती, पण कडीला हात लावताच फळी आत गेली. आत ओली माती आणि तिच्यात वळवळणारी वाळवी. खरेदीखताचा चुरा झाला होता. निकाहनाम्याचा एक कोपरा तेवढा हाती लागला, त्यावर मेहेरची रक्कम वाचता येत होती. दादी तो कोपरा हातात धरून कितीतरी वेळ बसून राहिल्या. मग व्हायचे तेच झाले. पेटी कोणी बघायची होती, यावरून दोन्ही घरांत बोलाचाली झाली आणि चार दिवस कोणी कोणाशी बोलले नाही.

त्याच खोलीत वरच्या फळीवर कुरआन शरीफ होते. ते रोज उघडले जाते, त्याची धूळ रोज झटकली जाते. अल्हम्दुलिल्लाह, त्याला काहीही झाले नव्हते. वाळवी तिथेच जाते, जिथे कोणाचा हात फिरत नाही.

औषध मारणारा माणूस आला. भिंतीवरच्या मातीच्या नळ्यांचा माग काढत तो परसात पेरूच्या झाडाखालच्या उंचवट्यापाशी पोहोचला. चाचांची मुलगी बी.एस्सी.ला आहे. ती म्हणाली, "औषध ओतण्याआधी एकदा आत काय आहे ते पाहू द्या." कुदळीने एक बाजू उघडली. आतल्या पोकळीत भुरकट रंगाचे, स्पंजासारखे काहीतरी होते आणि त्यावर खसखशीसारखे पांढरे दाणे. "ही यांची शेती," ती म्हणाली.

आम्ही वाळवीला पांढरी मुंगी म्हणतो, पण ती मुंगी नव्हे. नात्याने ती झुरळाच्या जवळची. लाकूड, कागद, सुका पाला ती खाते खरी, पण लाकडातला चिवट भाग तिला नीट पचत नाही. म्हणून वारूळ बांधणारी आपल्याकडची वाळवी एक युक्ती करते. खाल्लेले सगळे ती वारुळात विष्ठेच्या रूपाने टाकते आणि त्याचे पोळे रचते. त्या पोळ्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढते. ही बुरशी तो चिवट भाग फोडते. मग वाळवी ते पांढरे दाणे आणि जुने झालेले पोळे खाते. बुरशीला घर, ओलावा आणि रोजचे खत मिळते. वाळवीला पचेल असे अन्न मिळते. एकीवाचून दुसरीचे चालत नाही. म्हणजे दादाजानचे खरेदीखत या शेताचे खत झाले होते!

दक्षिण आणि मध्य अमेरिकेत पाने कापणाऱ्या मुंग्याही अशीच शेती करतात. झाडाच्या पानांचे तुकडे डोक्यावर धरून त्यांच्या रांगा चालतात. त्या पाने खात असतील असेच लोकांना वाटे. १८७४ साली थॉमस बेल्ट यांनी निकाराग्वावरील आपल्या पुस्तकात लिहिले की, पाने हे खत आहे, त्यावर मुंग्या बुरशी पिकवतात. नवी राणी मुंगी घर सोडून उडते तेव्हा त्या बुरशीचा एक कण तोंडात घेऊन जाते आणि त्यावरच नव्या घराची शेती सुरू करते. हे ऐकून चाची म्हणाल्या, "म्हणजे विरजणच की!" दादी सिन्नरहून या घरात आल्या त्या विरजणाची वाटी घेऊन. आजही आमच्या दोन्ही घरांत दही त्याच विरजणाचे लागते.

आपल्याकडची वाळवीची जोडी मात्र बहुधा रिकाम्या हाताने संसार मांडते. तिची पहिली कामकरी पिल्ले बाहेर जाऊन बुरशीचे बीज शोधून आणतात. ते बीज येते कुठून? पावसाळ्यात जुन्या वारुळांवर उगवणाऱ्या अळंबीतून. हीच अळंबी आदिवासी भाऊ-बहिणी रानातून आणतात, आणि गोव्यात रोयणीची अळमी म्हणून तिला मोठी मागणी असते. (ओळख पटल्याशिवाय रानातली कोणतीही छत्री खाऊ नये, विषारीही असतात.)

या शेतीचे वर्णन बेल्टच्याही आधीचे आहे, आणि तेही आपल्या देशातले. १७७९ साली योहान कोनिग या निसर्ग अभ्यासकाने तंजावर भागातल्या वाळवीबद्दल लिहिताना वारुळातल्या बुरशीची नोंद केली. त्या वेळी तंजावरला भोसल्यांचे राज्य होते.

शेत म्हटले की तण आलेच. वारुळातही दुसऱ्या एका बुरशीचे तण असते. वाळवीच्या कामकऱ्यांना डोळे नसतात; त्या वासावरून तण ओळखतात आणि ते मातीखाली गाडतात. बंगळूरुच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील अभ्यासात हे दिसून आले. राखणारे गेले, की तेच तण सगळे पोळे व्यापून टाकते. चाचांच्या मुलीने हे सांगितले तेव्हा कोणी काही बोलले नाही. पेटीची गोष्ट सगळ्यांच्याच मनात होती.

संध्याकाळी दादींनी आम्हा सगळ्यांना जवळ बसवले आणि हजरत सुलैमान (अ.) यांची आठवण करून दिली. सूरह सबामध्ये येते की, ते काठीला टेकलेले असतानाच त्यांचा इंतकाल झाला आणि जिन्न मात्र ते हयात आहेत असे समजून राबत राहिले. जमिनीतल्या एका किड्याने काठी पोखरली, ते खाली आले, तेव्हा कुठे सत्य कळले. सीरतच्या ग्रंथांतही वाळवी येते. कुरैशांनी बनू हाशिमवर बहिष्कार घातला, त्याचा करार काबागृहात टांगला होता. तो वाळवीने खाल्ला आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते आधीच सांगितले होते, त्यात अल्लाहचे नाव तेवढे उरले होते. दादी म्हणाल्या, "किडा खोटे बोलत नाही, बेटा. काठी आधीच रिकामी झालेली असते."

घरातल्या वाळवीचे औषध आम्ही केलेच. ते करावेच लागते. खरेदीखताची नक्कल निबंधक कार्यालयातून काढून आणली. निकाहनाम्याचा कोपरा काचेत बसवला. नवी पेटी लोखंडी आहे, विटांवर उचलून, भिंतीपासून वीतभर लांब ठेवली आहे. तिच्या दोन किल्ल्या केल्या, एक आमच्याकडे, एक चाचांकडे. दर महिन्याच्या पहिल्या जुम्याला, नमाजनंतर, दोन्ही घरे मिळून ती उघडतात, कागद उन्हात धरतात, फडके झटकतात.

वाटणीचे अजून ठरलेले नाही. ठरेल तेव्हा ठरेल, इन्शाअल्लाह. पण त्या दिवशी जेवण मात्र एकाच दस्तरखानावर होते.