इस्लामपूरचा बाजार व कृष्णेचा कांठ

पुणें-बंगळूर रस्त्यावर पेठ नाक्याशीं पूर्वेकडे वळलें, कीं थोड्याच अंतरावर इस्लामपूर लागतें. उत्तरेस व पूर्वेस कृष्णा, दक्षिणेस वारणा आणि मध्यें काळ्या भूमींत डुलणारा ऊंस, असा हा वाळवें तालुका. शहराचें नांव ईश्वरपूर करण्याची घोषणा राज्य सरकारनें २०२५ सालीं केली. परंतु नांव कोणतेंही घ्या, बाजारांत भाजीच्या जुडीबरोबर प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातीं येतेच.

येथून उत्तरेस कृष्णेच्या पात्रांत बहे गांवचें रामलिंगाचें बेट आहे. समर्थांच्या अकरा मारुतींपैकीं एक येथेंच आहे. प्रभु रामचंद्र पूजेस बसले असतां नदीस पूर आला, तो मारुतीनें बाहु पसरून थोपविला, अशी आख्यायिका असून गांवाचें नांवही लोक त्या बाहूंवरूनच लावितात. स्थान मोठें रम्य. परंतु कांठच्या झुडपांकडे पाहावें, तों पिशव्या लोंबत असतात, आणि कित्येकींत निर्माल्य! बेल, फुलें, दूर्वा थोड्याच दिवसांत मातीस मिळतात. ती पिशवी मात्र आपल्या पणतवंडांनाही पुरून उरेल. हें कृत्य अडाण्यांचें नव्हे. सोवळें-ओवळें जाणणाऱ्या आपल्याच घरांतलें आहे.

ही पिशवी कुजत नाहीं. उन्हानें तिचे सूक्ष्म कण होतात व ते पाण्यांत मिसळतात. २०२२ सालीं हॉलंडांतील संशोधकांस मनुष्याच्या रक्तांतही असे कण आढळले. खरकटें भरून फेकलेली पिशवी गाय अन्नासकट गिळते. तिच्या पोटांत त्यांचा गोळा होऊन रवंथ थांबतो, व जिला आपण गोग्रास घालतों, तीच भुकेनें मरते. जाळावी, तर धूर विषारी. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला, तेव्हां गटारें तुंबण्यास याही पिशव्या कारण झाल्या.

महाराष्ट्र सरकारनें २३ मार्च २०१८ रोजीं बंदीचा हुकूम काढला. पहिल्या अपराधास ५,००० रुपये दंड. पण विक्रेता म्हणतो, "गिऱ्हाईक मागतें, म्हणून ठेवतों." म्हणजे मागणारे आपण, आणि दंडाचें भय मात्र त्या गरिबास! हा न्याय नव्हे.

तेव्हां जुन्या धोतराची वा लुगड्याची पिशवी घरींच शिवावी व ती दाराशींच खुंटीस टांगावी. निर्माल्य परसांतील झाडाच्या बुंध्याशीं पुरावें. परस नसल्यास एका कुंडींत माती घालून तें जिरवावें. देवाला वाहिलेलें फूल मातींत गेलें, तर त्यांत अपवित्र असें कांहींच नाहीं.